चिकन विंग्ज : आधी कोरडे, मग तिखट

कोंबडीच्या पंखात मांस थोडे; हाड आणि कातडी भरपूर. सांध्यांवर कापला की त्याचे तीन तुकडे होतात. खांद्याकडचा तुकडा एका जाड हाडाचा, दिसायला छोट्या तंगडीसारखा. मधला चपटा, दोन बारीक समांतर हाडांचा. शेवटचे टोक म्हणजे कातडी आणि कुर्चा. त्यात खाण्याजोगे फारसे काही नसते. जाणकार खवय्ये मधल्या तुकड्यावर आधी हात टाकतात, कारण त्यातले मांस दोन हाडांच्या बेचक्यात आणि दोन्ही बाजूंनी कातडीत बंद असल्याने सगळ्यात रसाळ राहते. एकूण मांसाच्या मानाने कातडीचे प्रमाण इतके जास्त असलेले कोंबडीचे भाग थोडेच, आणि पंख भाजण्याचे सगळे कसब या कातडीशीच निगडित आहे.

छातीचे मांस आतून ७४ अंश सेल्सिअसला पोहोचले की शिजून तयार होते. त्यापुढे ते कोरडे पडत जाते. पंखाचे गणित उलटे आहे. ७४ अंशांना तो खायला सुरक्षित होतो खरा, पण दाताखाली रबरी लागतो. कातडीत आणि सांध्यांभोवती कोलॅजन हे चिवट प्रथिन खच्चून भरलेले असते. ते विरघळून त्याचे मऊ जिलेटिन व्हायला अधिक उष्णता लागते आणि वेळही लागतो. आतले तापमान ८५ ते ९० अंशांपर्यंत चढले की मांस हाडापासून अलगद सुटते, आणि जिलेटिन व चरबी यांच्यामुळे ते कोरडेही पडत नाही. विंग्ज जास्त शिजतील म्हणून लवकर बाहेर काढण्याची घाई बहुतेक वेळा अनाठायी असते.

हे झाले शिजवण्याचे; आता मसाल्याचे. मसालेदार भाजलेल्या चिकनची घरगुती कृती ज्या पुस्तकांनी ब्रिटनमधल्या घराघरांत नेली, त्यांत मधुर जाफरी यांच्या ‘इंडियन कुकरी’चा मान वरचा आहे. जाफरी दिल्लीत वाढल्या. १९५०च्या दशकात अभिनय शिकायला त्या लंडनच्या रॉयल अकादमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमध्ये गेल्या, तेव्हा त्यांना स्वयंपाक येत नव्हता. आईने पत्रांतून लिहून पाठवलेल्या कृती पाहून त्या शिकल्या. त्यांचे पहिले पुस्तक १९७३मध्ये अमेरिकेत निघाले. १९८२मध्ये बीबीसीवर त्यांची मालिका आली आणि तिच्या जोडीने ‘इंडियन कुकरी’. दुकानात कोथिंबीर मिळेल की नाही याची खात्री नसलेल्या वाचकासाठी लिहिलेले हे पुस्तक. त्यामुळे त्यात गृहीत काही धरलेले नाही, आणि हाच त्याचा मोठा गुण.

त्यातली ‘मसालेदार मुर्गी’ ही कृती अगदी सोपी आहे. जिरेपूड, पाप्रिका, केयन मिरची, हळद, मिरपूड, मीठ, ठेचलेला लसूण आणि लिंबाचा रस यांचा लगदा करायचा, तो चिकनच्या तुकड्यांना चोळायचा, काही तास मुरू द्यायचा आणि २०० अंशांच्या ओव्हनमध्ये भाजायचे. कांदा परतणे नाही, वाटण नाही, रस्सा नाही. चाळीस वर्षांनंतरही ही कृती लोक करतात, यात नवल नाही. पाप्रिका आणि केयन ही जोडीही विचार करून घेतलेली आहे. पाप्रिका रंग देते, केयन झणका. मराठी स्वयंपाकघराला ही विभागणी नवी नाही. रंगासाठी ब्याडगी किंवा काश्मिरी, तिखटपणासाठी संकेश्वरी किंवा लवंगी, असे मिश्रण वर्षाचे तिखट कुटून घेताना इथे पूर्वापार होत आले आहे. म्हणजे ही कृती इथे करताना पाप्रिकाची डबी शोधत फिरायची गरज नाही. ब्याडगीचे तिखट तिची जागा उत्तम घेते.

ही कृती चिकनच्या मोठ्या तुकड्यांसाठी आहे. तीच जशीच्या तशी विंग्जना लावली तर चव चांगली येते, पण कातडी लिबलिबीत राहते. त्याचे कारण भारतीय पद्धतीच्या मुळाशी आहे. आपल्याकडे चिकन सोलून घेतात. तंदुरी असो वा साधा रस्सा, कातडी काढून, मांसाला चिरा पाडून मसाला थेट मांसावर लावायचा, ही रीत. दही किंवा लिंबाच्या रसातला मसाला मांसावर थर धरतो आणि भट्टीत तोच थर करपून खमंग होतो. पंख मात्र नीट सोलता येत नाही. खटाटोप करून सोललाच, तर उरते ती काडीला चिकटलेली चिंधी. कातडी ठेवायची म्हटली की मसाल्याचा लगदा तिच्यावर ओल्या पोटिसासारखा बसतो. भाजण्याचा निम्मा वेळ त्यातले पाणी आटण्यात जातो, आणि पाणी आटून कातडी कुरकुरीत व्हायच्या आत वरचा लसूण काळा पडतो.

कातडी ठेवून तिखट पंख करण्याची वेगळी रीत अमेरिकेत रुजली. न्यू यॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात, मेन स्ट्रीटवरच्या अँकर बारमध्ये, १९६४मध्ये टेरेसा बेलिसिमो यांनी पंख नुसतेच तळले आणि तळल्यानंतर तिखट सॉस आणि लोण्यात घोळवले. सोबत सेलरीच्या काड्या आणि ब्लू चीजचे डिप ठेवले. तोवर पंखांना किंमत नव्हती. मान आणि पाठीबरोबर ते सुपाच्या भांड्यात जात. हा पदार्थ सुचला कसा, याच्या कथा मात्र घरातल्याच एकमेकींशी जुळत नाहीत. मुलगा मित्रांना घेऊन रात्री उशिरा आला म्हणून, असे एक सांगणे. दुकानदाराने मान-पाठीऐवजी चुकून पंख पाठवले म्हणून, असे दुसरे. ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकाचे लेखक कॅल्विन ट्रिलिन यांनी १९८०मध्ये या परस्परविरोधी कथांवरच एक लेख लिहिला. त्यात त्याच शहरातल्या जॉन यंग या कृष्णवर्णीय उपाहारगृहचालकाचाही दावा आला. त्यांच्या ‘विंग्ज अँड थिंग्ज’मध्ये अखंड पंख पिठात घोळवून तळत आणि ‘मम्बो सॉस’मध्ये बुडवून देत. श्रेय बराच काळ एकाच बाजूला गेले. यंग यांचे नाव अलीकडे पुन्हा घेतले जाऊ लागले आहे. १९६४नंतर पंखांचे दिवस असे पालटले की अमेरिकी फुटबॉलच्या सुपर बोलच्या शनिवार-रविवारी तिथे सुमारे १४० कोटी विंग्ज खाल्ले जातात, असा तिथल्या नॅशनल चिकन कौन्सिलचा अंदाज असतो. कोंबडीला पंख दोनच असल्याने मागणी वाढली की भाव चढतो, आणि कधी कधी तो हाडे काढलेल्या छातीच्या मांसालाही मागे टाकतो.

बफेलोच्या रीतीतली महत्त्वाची गोष्ट तळणे नव्हे, क्रम आहे. कातडी आधी कोरडी आणि कडक करायची. ओला आणि तिखट भाग सगळ्यात शेवटी. हाच क्रम ओव्हनलाही लागू पडतो, आणि जाफरींच्या जुन्या पुस्तकातला मसाला न सोडता पाळता येतो. फक्त मसाला आणि आच यांची अदलाबदल करावी लागते.

यामागचे शास्त्र फार अवघड नाही. भाजलेल्या मांसाचा तपकिरी रंग आणि खमंग वास येतो तो प्रथिने आणि साखर यांच्या प्रक्रियेतून. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय माय्यार यांनी १९१२मध्ये तिचे वर्णन केले, म्हणून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. तिला जोर चढायला पृष्ठभाग १४० अंशांच्या आसपास जावा लागतो. पृष्ठभागावर पाणी असेतो ते शंभराच्या वर जात नाही. म्हणजे पंख ओला असेपर्यंत तो भाजला जात नसतो, उकडला जात असतो. दुसरी बाब आंबटपणाची. ही प्रक्रिया आम्लात मंदावते आणि अल्कधर्मी पृष्ठभागावर वेग घेते. लिंबाचा रस म्हणूनच दोन्हीकडून आडवा येतो. एक तर तो पाणी, त्यात आम्ल. याच्या नेमके उलट काम बेकिंग पावडर करते. पंखांना ती किंचित चोळली तर कातडी अल्कधर्मी होते, रंग लवकर धरतो आणि सुटणाऱ्या वायूच्या सूक्ष्म बुडबुड्यांनी कातडीला खरखरीत कुरकुरीतपणा येतो. जे. केंजी लोपेझ-आल्ट यांच्यासारख्या शास्त्रीय अंगाने लिहिणाऱ्या अमेरिकी पाककृतीकारांनी ही युक्ती लोकप्रिय केली. बेकिंग पावडरऐवजी खायचा सोडा घेऊ नये; तो इतका तीव्र असतो की पंखांना साबणासारखी कडवट चव येते.

पुस्तकातून किंवा व्हिडिओवरून विंग्ज करताना वेळेचा हिशोबही चुकतो, आणि दोष कृतीचा नसतो. काळाप्रमाणे आणि देशाप्रमाणे कोंबडी बदललेली असते. अमेरिकेतल्या नोंदींनुसार १९२५मध्ये बाजारात जाणारी कोंबडी ११२ दिवसांची आणि सव्वा किलोच्या आतली असे. १९४०च्या दशकात तिथे ‘उद्याची कोंबडी’ नावाची स्पर्धाच भरवली गेली. रुंद छातीचा, झटपट वाढणारा पक्षी कोण पैदा करतो, हे पाहण्यासाठी देशभरातून अंडी मागवून, एकत्र उबवून, पक्षी वाढवून तोलले गेले. १९४८च्या अंतिम फेरीतल्या विजेत्यांच्या वाणांचा आजच्या ब्रॉयलरच्या वंशावळीत मोठा वाटा आहे. १९८०च्या सुमारास पक्षी सात-साडेसात आठवड्यांत पावणेदोन किलोच्या पुढे जात होता. आज सात आठवड्यांच्या आत तो पावणेतीन किलो ओलांडतो. भारतात पक्षी साधारण सहा आठवड्यांचा आणि दोन किलोंच्या आसपास झाला की विकला जातो. पुण्याच्या वेंकटेश्वरा हॅचरीजचा व्हेंकॉब हा वाण इथल्या पोल्ट्रीवाल्यांच्या रोजच्या बोलण्यातला आहे. परिणाम असा की आजच्या अमेरिकी व्हिडिओतली वेळ इथल्या पंखांना जास्त होते, तर १९८०च्या सुमाराच्या पुस्तकातली बरीच जवळ बसते. घड्याळापेक्षा कातडीचा रंग आणि सांध्याची ढिलाई पाहणे बरे. मधल्या तुकड्याची दोन हाडे चिमटीत धरून पिळली की सहज हलली पाहिजेत.

ओव्हनचेही तसेच. ब्रिटिश पुस्तकांत तापमान ‘गॅस मार्क’मध्ये दिलेले असते, मार्क ६ म्हणजे २०० अंश. त्याहून जुन्या पुस्तकांत आकडाच नसतो. ‘मध्यम ओव्हन’ म्हणजे १८० अंशांच्या आसपास आणि ‘गरम ओव्हन’ म्हणजे २०० ते २२०, असे समजून चालावे. पंख्याच्या ओव्हनमध्ये आकडा वीस अंशांनी उतरवायचा. घरातला लहान ओटीजी ही आणखी वेगळी वस्तू. त्यात वरच्या-खालच्या कांड्या अन्नाच्या फार जवळ असतात, त्यामुळे पुढचे तुकडे फिके आणि मागचे काळे असा प्रकार घडतो. ट्रे अध्येमध्ये फिरवला की भागते. अमेरिकी कप सुमारे २४० मिलिलिटरचा, जुना ब्रिटिश कप त्याहून मोठा आणि ऑस्ट्रेलियन मोठा चमचा १५ऐवजी २० मिलिलिटरचा, हे माहीत असले म्हणजे जुन्या पुस्तकातले मीठही फसवत नाही.

इथे विंग्ज आणतानाच पहिली अडचण येते. अनेक चिकनवाले पिसे काढत बसत नाहीत. पिसांसकट कातडीच उतरवतात, कारण ते काम मिनिटाभराचे असते. कातडीसकट पंख हवे असतील तर आधी सांगून ठेवावे लागतात, किंवा पाकीटबंद घ्यावे लागतात. समोर कापून घेतलेले चिकन लगेच भाजायला घेऊ नये. कापल्यानंतर काही तास स्नायू ताठरलेले असतात आणि मांस चिवट लागते. फ्रीजमध्ये रात्र काढली की ते सैलावते. पिसांची खुंटे राहिली असली तर पंख चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीवरून फिरवावा. चिकन धुण्याची आपल्याकडे सवय आहे. अन्नसुरक्षेचे काम करणाऱ्या संस्था मात्र ते टाळायला सांगतात, कारण शिंतोड्यांबरोबर जंतू ओटाभर पसरतात. धुतलेच तर नंतर ओटा स्वच्छ करावा आणि पंख फडक्याने किंवा कागदाने टिपून अगदी कोरडे करावेत. या पायरीत आळस केला की पुढचे सगळे कष्ट वाया.

एक किलो पंख सांध्यांवर कापून टोके बाजूला ठेवावीत. दोन लहान चमचे बेकिंग पावडर आणि दीड लहान चमचा मीठ एकत्र करून कोरड्या पंखांवर भुरभुरावे आणि हाताने सारखे करावे. पंखांवर पांढरा थर दिसला तर पावडर जास्त झाली, असे समजावे. मग ते जाळीवर एकमेकांना न चिकटता मांडून, खाली ताट ठेवून, न झाकता रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावेत. कच्चे मांस उघडे राहणार असल्याने शेजारी उघडे तयार अन्न ठेवू नये, आणि जाळी सगळ्यात खालच्या कप्प्यात असावी. मीठ हळूहळू आत उतरते आणि फ्रीजची कोरडी हवा कातडी सुकवते. सकाळी ती हाताला ताणलेल्या कागदासारखी लागते आणि जराशी पारदर्शक दिसते. मीठ सोडले तर बाकी मसाले मांसात फार खोल जातच नाहीत. तेव्हा मसाला आधी लावला नाही म्हणून चवीत मोठी तूट येत नाही.

भाजणे दोन टप्प्यांत करावे. आधी १२० अंशांवर अर्धा तास, ओव्हनच्या खालच्या बाजूला. यात कातडीखालची चरबी वितळून खाली गळते. मग जाळी वर सरकवून २२० अंशांवर तीस ते चाळीस मिनिटे, मध्ये एकदा उलटून. पंख ट्रेवर थेट ठेवले तर खालची बाजू स्वतःच्याच चरबीत भिजत राहते, जाळी हवीच. खालच्या ट्रेवर फॉइल घातले की धूर कमी होतो आणि घासण्याचा त्रासही वाचतो. घाई असेल तर पहिला टप्पा गाळून सरळ २२० अंशांवर पाऊण तास भाजले तरी पंख चांगले होतात, फक्त कातडी थोडी जाड राहते. एअर फ्रायर असेल तर २०० अंशांवर वीस ते पंचवीस मिनिटे पुरतात, पण एका वेळी एकच थर मावतो.

पंख होत आले की मसाला करायला घ्यावा. जुन्या पुस्तकातले जिन्नस तेच, फक्त आता ते लोण्यात जातात. तीन मोठे चमचे लोणी मंद आचेवर वितळवून त्यात ठेचलेल्या लसणाच्या चार-पाच पाकळ्या घालाव्यात. लसणाचा कच्चा वास गेला, पण रंग बदललेला नाही, अशा बेताला दोन लहान चमचे जिरेपूड, अर्धा चमचा हळद आणि एक चमचा ताजी जाडसर मिरपूड घालावी. भांडे खाली उतरवून मग एक मोठा चमचा ब्याडगीचे आणि चवीप्रमाणे झणझणीत तिखट मिसळावे. तिखट आचेवर घातले तर क्षणात काळवंडते आणि घरभर ठसका बसतो. आच नसली तरी गरम लोण्यात रंग पुरेपूर उतरतो, कारण मिरचीचा रंग आणि तिखटपणा दोन्ही स्निग्ध पदार्थात विरघळणारे आहेत. मीठ पंखांत आहेच, त्यामुळे इथे चाखूनच घालावे. शेवटी एका लिंबाचा रस. कातडी कडक झाल्यानंतर त्यातले आम्ल काही बिघडवत नाही, उलट चरबीचा जडपणा तोडते. मध किंवा गूळ हवा असेल तर तोही याच वेळी, नाहीतर साखर ओव्हनमध्ये जळते.

गरम पंख मोठ्या पातेल्यात टाकून वर हे लोणी ओतावे आणि पातेले हलवून घोळवावेत. डाव घालून ढवळले की कातडी सोलून निघते. पुन्हा चार-पाच मिनिटे ओव्हनमध्ये ठेवले तर मसाला पृष्ठभागावर पकड घेतो. यापुढे थांबण्यात अर्थ नाही. पंधरा-वीस मिनिटांत कातडी ओलावा धरू लागते.

तिखटावर उतारा म्हणून पाणी निरुपयोगी ठरते, कारण मिरचीतले कॅप्सेसिन पाण्यात नीट विरघळत नाही. दुधातले प्रथिन त्याला धरून घेते. बफेलोत ब्लू चीजचे डिप देतात त्याचा हाही एक फायदा, आणि घट्ट दह्यात काकडी व भरडलेले जिरे घालून केलेली कोशिंबीर तेच काम इथल्या चवीला धरून करते. पुदिन्याची हिरवी चटणी शेजारी शोभते, पण तिच्याने तिखटपणा उतरत नाही.

उरलेले पंख फ्रीजमध्ये तीन दिवस राहतात. ते गरम करताना मायक्रोवेव्ह टाळावा, कातडी पार मऊ पडते. १८० अंशांच्या ओव्हनमध्ये दहा मिनिटे ठेवले की बराच कुरकुरीतपणा परत येतो. बाजूला काढलेली टोके फेकू नयेत. त्यांत कोलॅजन सगळ्यात जास्त. कांदा, मिरी आणि आल्याच्या तुकड्याबरोबर दीड-दोन तास मंद उकळली की त्यांचा स्टॉक थंड झाल्यावर थिजतो, आणि फ्रीजरमध्ये दोन-तीन महिने चांगला राहतो.